संगणकाची निद्रा आणि विजेचा आधार

शाळेतील किंवा पंचायत कार्यालयातील संगणक काही काळ कोणी हाताळला नाही, की त्याचा पडदा काळवंडतो व यंत्र निद्रिस्त होते. तो बंद झाला असे समजून पुष्कळजण निर्धास्त होतात. हा समज नुकसानकारक आहे. ‘स्लीप’ या अवस्थेत चालू काम तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि ती स्मृती टिकविण्यास थोडी वीज अखंड लागते. ती खंडित झाली, की जतन न केलेला मजकूर नष्ट होतो.

‘हायबरनेट’ ही अवस्था याहून निराळी. तीत स्मृतीतील सर्व काम डिस्कवर उतरवून यंत्र थांबते. पुन्हा सुरू होण्यास थोडा अधिक वेळ लागतो. परंतु वीज आठवडाभर नसली तरी काम शाबूत राहते.

म्हणूनच विंडोज प्रणालीत लॅपटॉपसाठी दोन स्वतंत्र नियम ठरविता येतात : एक वीजजोडणी असतानाचा, दुसरा बॅटरीवर चालतानाचा. वीज असताना अर्ध्या तासाने ‘स्लीप’ पुरे. बॅटरीवर मात्र ही मुदत पाच-दहा मिनिटांची असावी आणि झाकण मिटताच ‘हायबरनेट’ व्हावे, हे इष्ट. निकालपत्रक अर्धवट ठेवून झाकण मिटणाऱ्या शिक्षकाला या एका बदलाचे मोल लगेच कळेल.

निद्रिस्त यंत्र आपोआप जागेही होते. माऊसचा धक्का, नेटवर्कवरील संदेश किंवा आधी नेमून दिलेले काम एवढे निमित्त पुरते. पिशवीत बंद असलेला लॅपटॉप असा जागा झाल्यास हवा न मिळाल्याने तापतो व बॅटरीही संपते. यासाठी ‘वेक टाइमर्स’ ही सोय बॅटरीच्या नियमात बंद ठेवावी. अनेक नवीन लॅपटॉप निद्रेतही नेटवर्कशी संपर्क ठेवतात. ते प्रवासापूर्वी ‘हायबरनेट’ करणेच बरे.

टेबलावरील संगणकाला स्वतःची बॅटरी नसते. त्यासाठी ‘हायब्रिड स्लीप’ ही सोय उपयुक्त आहे. तीत काम स्मृतीत व डिस्कवर, दोन्हीकडे ठेवले जाते. यूपीएस असला तरी वीज गेल्याचे संगणकाला आपोआप कळत नाही. त्यासाठी यूपीएसची यूएसबी तार संगणकास जोडावी लागते. तशी सोय असलेल्या यूपीएसला विंडोज बॅटरी मानते आणि बॅटरीचे नियम लागू करते. ही तार पुष्कळ ठिकाणी खोक्यातच पडून असते.