सोळावा होल, मध्ये प्रशांत महासागर

सनीवेल, फ्रीमाँट, सॅन होजे इकडे मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी आई-वडिलांची एक सहल ठरलेलीच असते: माँटेरे आणि तिथला सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह. फाटकाशी पैसे भरायचे, नकाशा घ्यायचा, कातळावर एकट्या उभ्या असलेल्या ‘लोन सायप्रस’जवळ फोटो काढायचे, सील बघायचे, डब्यातले पराठे गाडीतच खायचे. याच रस्त्यावर एका ठिकाणी दाट झुडपांचं कुंपण लागतं आणि गाडी त्याला लागून पुढे निघून जाते. त्या क्षणी आपल्या टपावरून एखादा पांढरा चेंडू उडत गेला, तरी कळायचं नाही. सायप्रस पॉइंट क्लबच्या पहिल्या होलचा पहिला फटका हा रस्ता ओलांडूनच मारावा लागतो. जगातल्या उत्तम गोल्फ मैदानांच्या कुठल्याही यादीत पहिल्या पाचात दिसणारं हे मैदान सर्वसामान्यांना दिसतं ते एवढंच.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे द्वीपकल्पाचं हे टोक म्हणजे निसर्गाने तीन वेगवेगळे प्रदेश एकाच वाडीत कोंबल्यासारखी जागा आहे. आत पाइनचं जंगल, मध्ये पांढऱ्या वाळूच्या टेकड्या आणि शेवटी थेट पाण्यात घुसलेला कातळ. त्या कातळावर वाऱ्याने वाकवलेले माँटेरे सायप्रस उभे आहेत. ही झाडं आज लागवडीने जगभर पोचली आहेत. पण मूळची, आपली आपण उगवलेली राई फक्त दोनच ठिकाणी आहे. एक इथली आणि दुसरी थोडी दक्षिणेला, पॉइंट लोबोसला. आपल्या किनाऱ्यावरचं सुरूबन आपल्याला कोकणातलंच वाटतं, पण ते बाहेरून आणून लावलेलं. इथला सायप्रस मात्र अस्सल गाववाला.

ही सगळी जमीन डेल माँटे प्रॉपर्टीज या कंपनीची होती. तिचा मालक सॅम्युएल मोर्स, तारायंत्रवाल्या मोर्सचा दूरचा नातलग आणि नामसाधर्म्यातला वारसदार. त्याने विक्रीचं काम दिलं मेरियन हॉलिन्स या बाईंकडे. त्या 1921 साली अमेरिकेच्या महिला हौशी गोल्फ विजेत्या ठरलेल्या, घोड्यावरही तितक्याच पक्क्या आणि हातात घेतलेलं काम तडीस नेणाऱ्या. सायप्रस पॉइंटवर खाजगी क्लब काढायची कल्पना त्यांनी उचलून धरली. आराखड्यासाठी सेथ रेनर यांना बोलावलं. पण जानेवारी 1926मध्ये रेनर वारले. त्यांच्या जागी आले डॉ. अॅलिस्टर मॅकेंझी.

मॅकेंझी हे यॉर्कशरचे, व्यवसायाने डॉक्टर. बोअर युद्धात ते ब्रिटिश सैन्याबरोबर शल्यचिकित्सक म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथे जखमांपेक्षा त्यांचं लक्ष वेधलं बोअर शेतकऱ्यांच्या खंदकांनी. बोअरांचे खंदक जमिनीच्या उतारात असे मिसळून गेलेले असत की समोरच्याला बंदूक कुठून उडते तेच कळत नसे. पहिल्या महायुद्धात मॅकेंझींनी लष्कराला हीच लपवाछपवी शिकवली, आणि पुढे तीच विद्या गोल्फच्या मैदानावर आणली. त्यांचं म्हणणं सोपं होतं: माणसाने केलेलं काम निसर्गाने केल्यासारखं दिसलं पाहिजे. सायप्रस पॉइंटवर आठव्या-नवव्या होलच्या आसपास वाळूचे बंकर आणि मुळातल्या वाळूच्या टेकड्या यांची सीमा कुठे आहे, हे जाणकारालाही बोट ठेवून दाखवता येत नाही. मला हे मैदान थोर वाटतं ते समुद्रापेक्षा या भागासाठी. समुद्र काय, तो होताच.

पण लोक बोलतात ते सोळाव्याबद्दल. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, एका कातळावर; ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, समोरच्या दुसऱ्या कातळावर; तिन्ही बाजूंनी पाणी आणि मध्ये प्रशांत महासागराची एक खाच. अंतर 231 यार्ड, म्हणजे साधारण 211 मीटर. पार तीन: पहिल्या फटक्यात ग्रीन गाठायची आणि दोन फटक्यांत चेंडू भोकात घालायचा, असा हिशेब. लाकडी दांड्याच्या काठ्या वापरणाऱ्या 1920च्या दशकात हे अंतर पाण्यावरून पार करणं अशक्य, असं रेनर यांचं मत होतं. हॉलिन्सबाईंनी वाद घातला नाही. चेंडू ठेवला आणि मारला. तो पलीकडे जिथे पडला, तिथे आज ग्रीन आहे. ही दंतकथा वाटावी अशी गोष्ट मॅकेंझींनी स्वतःच लिहून ठेवली आणि त्या होलचं श्रेय आपल्याकडे न घेता बाईंना दिलं. त्यांचं ते हस्तलिखित मात्र त्यांच्या मृत्यूनंतर एकसष्ट वर्षांनी, 1995 साली छापलं गेलं.

या एका होलमुळे आणखी एक अडचण आली. आधीचा पंधरावा होलही समुद्रकाठचा आणि तोही पार तीनचाच, जेमतेम 140 यार्डांचा. लागोपाठ दोन पार तीन ठेवणं म्हणजे पाठोपाठ दोन गोड पदार्थ वाढण्यासारखं; रिवाजात बसत नव्हतं. त्याच्याही आधी पाचवा आणि सहावा हे लागोपाठ पार पाच. एकूण लांबी साडेसहा हजार यार्डांच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने तोकडीच. कागदावर हा आराखडा एखाद्या परीक्षकाने नापास केला असता. मॅकेंझींनी कागद बाजूला ठेवला आणि जमीन जशी वळली तसं मैदान वळवलं. ऑगस्ट 1928मध्ये खेळ सुरू झाला.

सोळाव्यावर भित्र्यालाही वाट आहे. डावीकडे जमिनीची पट्टी आहे. तिथे बेताचा फटका मारायचा, मग दुसऱ्या फटक्यात ग्रीन. एक फटका जास्त जातो, अब्रू वाचते. ताकदवानाला मोह आणि दुबळ्याला वाट, दोन्ही एकाच होलमध्ये बसवणं हे मॅकेंझींचं खरं कसब. वारा समोरून असला की व्यावसायिक खेळाडूही गुपचूप डावीकडे वळलेले आहेत. न वळलेल्यांचीही नोंद आहे: 1959च्या क्रॉस्बी स्पर्धेत हान्स मेरेल या खेळाडूने या एका होलवर 19 फटके घेतले. गायक-नट बिंग क्रॉस्बी, ज्यांच्या नावाची ती स्पर्धा, त्यांनी याच होलवर एका फटक्यात चेंडू भोकात घातला होता.

मेरेलचा घात केला तो ‘आइस प्लांट’ने. जाड, रसाळ पानांची ही वेल कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवायला लावली गेली आणि मग ती कोणाच्या बापाचं ऐकेना. चेंडू तिच्यात रुतला की काठी त्या गचपणात अडकते. ही वेलही आली दक्षिण आफ्रिकेहून, म्हणजे मॅकेंझी जिथे लपवाछपवी शिकले तिथूनच.

समुद्रकाठचं मैदान सांभाळणं हे बांधण्यापेक्षा जिकिरीचं. वारा मिठाचा फवारा घेऊन येतो, त्याने सायप्रसचं समुद्राकडचं अंग भाजून निघतं आणि झाड दुसऱ्या बाजूला वाढत जातं. त्या वाकण्याचं सौंदर्य आपण फोटोत टिपतो. सतराव्या होलवर खेळाडूला चेंडू पुन्हा पाण्यावरून मारून सायप्रसच्या एका पुंजक्याच्या कुठल्या बाजूने जायचं ते ठरवावं लागतं. इथे झाड मेलं तर नुसती सावली जात नाही, होलचं गणितच बदलतं.

गोड्या पाण्याची टंचाई वेगळीच. कार्मेल नदीवरचा भार हलका करण्यासाठी 1994पासून या जंगलातल्या गोल्फ मैदानांना सांडपाणी शुद्ध करून दिलं जातं. पाणी मिळालं, पण त्यातलं मीठ ग्रीनवरच्या ‘पोआ अॅनुआ’ गवताला सोसेना. इतरत्र शेतकरी आणि माळी ज्याला तण म्हणून उपटतात ते हे गवत इथे मानाने नांदतं, आणि त्याच्या नाजूकपणापायी पुढे पाण्यातलं मीठ काढणारी यंत्रणाही बसवावी लागली.

बॉबी जोन्स हे त्या काळचे सर्वात मोठे हौशी खेळाडू. 1929 साली शेजारच्या पेबल बीचवर राष्ट्रीय स्पर्धेत ते पहिल्याच फेरीत जॉनी गुडमनकडून हरले. मोकळा वेळ मिळाला तो त्यांनी सायप्रस पॉइंटवर घालवला. पुढे ऑगस्टा नॅशनल हे मैदान बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी मॅकेंझींनाच बोलावलं. पण तिथे पहिली स्पर्धा व्हायच्या आधीच, जानेवारी 1934मध्ये मॅकेंझी गेले. हॉलिन्सबाईंनी तेलाच्या धंद्यात मोठा पैसा मिळवला आणि मंदीत घालवलाही. 1944 साली त्यांचा मृत्यू झाला. जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेमने त्यांना मान दिला तो 2021च्या तुकडीत. उशीरच म्हणायचा.

क्लब लहान, सभासद मोजके आणि दार घट्ट. 1990 साली अमेरिकेत गोल्फ क्लबांच्या सभासदत्वातल्या वर्णभेदावर वादळ उठलं आणि व्यावसायिक गोल्फच्या संघटनेने क्लबांना नवे नियम घातले. सायप्रस पॉइंट त्या नियमांत बसायला तयार झाला नाही. 1947पासून इथे येणारी क्रॉस्बी स्पर्धा कायमची गेली. क्लबने आपला एकांत राखला, पण ही बाब त्याच्या इतिहासातला डाग आहे, आणि मैदानाच्या सौंदर्याने तो धुतला जात नाही. हौशी खेळाडूंचा वॉकर कप मात्र 1981नंतर 2025मध्ये पुन्हा इथे झाला. आजचे तरुण चेंडू खूप लांब मारतात. मैदान लांबवायला जागा मात्र नाही. एकीकडे रस्ता, दुसरीकडे समुद्र.

अठरावा होल झाडांत शिरून चढावर संपतो आणि त्याबद्दल जवळजवळ सगळेच नाक मुरडतात. सतरा होलांचं जगातलं सर्वोत्तम मैदान, अशी थट्टा चालते. मला त्यात खोट वाटत नाही. समुद्राकडून घराकडे परतायचं तर पाठ फिरवावीच लागते.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर सायप्रस पॉइंटचा लुकआउट नकाशावर बघून ठेवा. क्लबच्या कातळाच्या जवळात जवळ आपल्याला तिथेच जाता येतं. फक्त 1 एप्रिल ते 1 जून तो बंद असतो. खालच्या वाळूवर सील माद्या पिल्लं घालतात.