लाकडाची ओळख
साल, पाने व फुले नाहीशी झाल्यावर हाती उरलेल्या तुकड्यावरून लाकडाची जात ठरविणे. रायगड जिल्ह्यातील खालापूर व कर्जत तालुक्यांत जुने घर पाडले की, तुळया, खांब व दारे पुन्हा कामास येतात. धुराने काळवंडलेला ऐन साग म्हणून घेतला गेल्यास खरेदीदार फसतो. ऐन जड असून वाळताना चिरतो व त्याचे रंधकाम कष्टाचे असते. म्हणून रंगावर भिस्त ठेवणे धोक्याचे.

प्रथम तुकड्याचा आडवा छेद धारदार पटाशीने स्वच्छ तासून, किंचित ओला करून १० पट भिंगातून पाहतात. सागात वर्षवलयाच्या आरंभी मोठ्या वाहिन्यांचा पट्टा दिसतो. ऐनात त्या विखुरलेल्या, तर हेदूत इतक्या बारीक की, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ताज्या तासलेल्या सागाला जुन्या कातड्यासारखा वास येतो व स्पर्श तेलकट लागतो. शिवणीचे लाकूड फिकट पिवळसर व हलके असते. बिबळ्याची खूण मात्र गमतीची आहे : त्याच्या मध्यकाष्ठाचा भुसा भिजविल्यास पिवळसर पाण्यावर निळी झाक येते. रसकाष्ठावरून निर्णय करू नये. बहुतेक जातींत ते फिकटच असते.

ऐन व किंजळ या एकाच प्रजातीच्या दोन जाती असल्याने भिंगाने त्यांत भेद करणे अवघड जाते. मग पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ज्ञात नमुन्यांशी ताडून पाहावा लागतो. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत (स्थापना १९०६) असे नमुने जतन केलेले आहेत.