हरवलेली कळ

आमच्या ग्रंथालयातील खिडकीजवळच्या संगणकावर माझा एक वर्गमित्र नेहमी बसलेला असतो. लहानपणीच्या अपघातामुळे त्याचा डावा हात चालत नाही. एक पान उघडायचे, वाचायचे, मागे यायचे, दुसरे उघडायचे, हा सारा खटाटोप तो एका उजव्या हाताने करतो. एके दिवशी तो मला म्हणाला, "आमच्या घरच्या जुन्या संगणकावर बॅकस्पेस दाबली की मागचं पान यायचं. इथं का येईना?"

ऑल्ट आणि डावीकडचा बाण या दोन कळा एकदम दाबल्या की मागे जाता येते, असे मी त्याला शहाणपणाने सांगितले. त्याने काही न बोलता माझ्याकडे पाहिले. उजवीकडेही ऑल्ट असतो खरा, पण त्या कळफलकावरील ती कळ कधीचीच निकामी झालेली. मला ओशाळल्यासारखे झाले आणि मी या कळेच्या मागे लागलो.

या कळेला दोन धनी होते, हेच सगळ्या भानगडीचे मूळ. जुन्या टंकलेखन यंत्रावर बॅकस्पेस अक्षर पुसत नसे; ती कॅरेज एक घर मागे सरकवी, इतकेच. संगणकावर ती पुसण्याचे काम करू लागली. पुढे विंडोजवरील ब्राउझरांनी तिला आणखी एक काम दिले: लिहिण्याच्या चौकटीत असाल तर अक्षर पुसायचे, चौकटीबाहेर असाल तर मागच्या पानावर न्यायचे. आपण चौकटीत आहोत की बाहेर, हे सांगणारी खूण म्हणजे ती लुकलुकणारी बारीक रेघ. घाईत तिच्याकडे पाहतो कोण?

मीही पाहिले नव्हते. 2019 साली अक्काचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. अखेरची तारीख दुसऱ्या दिवशीची. स्टँडजवळच्या एका दुकानात ती सांगत होती आणि मी मराठीत टंकत होतो. तास गेला. एक शब्द चुकला म्हणून मी भराभर बॅकस्पेस दाबली. पण मधेच तारखेच्या रकान्याला माउसचा धक्का लागून रेघ चौकटीतून निघून गेली होती. पान मागे गेले, त्यामागचेही गेले. पुन्हा पुढे आलो तर अर्ज कोरा. "गेलं का रे सगळं?" अक्काने विचारले. आम्ही तो पुन्हा भरला, रात्री दुकान बंद होईपर्यंत बसून.

येथे मराठी लिहिणाऱ्याची एक खास अडचण सांगितली पाहिजे. इंग्रजीत एक अक्षर पुसायला कळ एकदा दाबावी लागते. आपला 'स्त्री' हा शब्द दिसायला एकच जोडाक्षर. पण संगणकाच्या लेखी त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे आहेत. बॅकस्पेस ती बहुधा एकेक करून पुसते. म्हणजे सहा वेळा दाबणे आले. साहजिकच आपले बोट त्या कळेवर टकटकत राहते, आणि रेघ चौकटीबाहेर निसटली की एकदम चार पाने मागे! आमचा अर्ज गेला तो असा.

असे अर्ज जगभर जात होते. गुगलने 2016 च्या जुलैमध्ये आपल्या क्रोम ब्राउझरच्या 52 व्या आवृत्तीत या कळेचे मागे नेण्याचे काम काढून घेतले. त्यांच्या अभियंत्यांनी दिलेले आकडे मजेशीर आहेत. पाहिल्या जाणाऱ्या दर दहा हजार पानांमागे केवळ चार वेळा लोक बॅकस्पेसने मागे जात; आणि दर वीस हजारांत एकदा ही कळ अर्जात काही भरल्यानंतर दाबली जाई. म्हणजे आठांतून एकाला तरी धोका. फायरफॉक्सने तेच पाऊल 2021 च्या मार्चमध्ये, 87 व्या आवृत्तीत उचलले. अक्काचा अर्ज आठवून मला हा निर्णय योग्यच वाटतो. पण उरलेल्या सातांत माझ्या मित्रासारखेही कोणी असणार, हे त्या हिशेबातून कळत नाही.

अर्थात दोघांनीही दार अगदी बंद केले नाही. गुगलने स्वतःच एक छोटी जोडणी काढली. ती क्रोमला जोडली की कळ पूर्ववत चाले. मला मात्र जोडणीचा मार्ग तितकासा रुचत नाही. असली जोडणी आपण पाहतो ते प्रत्येक पान वाचण्याची परवानगी मागते, आणि इतके करून ब्राउझरच्या स्वतःच्या पानांवर, म्हणजे सेटिंग वगैरेत, ती चालत नाहीच.

फायरफॉक्सचा उपाय सरळ आहे. पत्त्याच्या पट्टीत रोमन लिपीत 'अबाउट', मग कोलन, मग 'कॉन्फिग' असे जागा न सोडता लिहावे. धोक्याची एक सूचना येते. ती वाचून पुढे जावे. शोधपट्टीत 'बॅकस्पेस' लिहिले की 'ब्राउझर.बॅकस्पेस_अ‍ॅक्शन' ही ओळ दिसते. तिच्यापुढे 2 हा आकडा असतो, म्हणजे कळेने काहीच करायचे नाही. तेथे 0 लिहिले की कळ मागे नेऊ लागते आणि शिफ्टसह दाबली तर पुढे. 1 लिहिले तर पान फक्त वर सरकते. त्या पानावर इतर शेकडो ओळी आहेत. गंमत म्हणून त्यांना हात लावू नये.

हे सगळे मी उत्साहाने ग्रंथपाल सरांना दाखवायला गेलो. त्यांनी शांतपणे विचारले, "आणि याच संगणकावर दुसऱ्या कुणी परीक्षेचा अर्ज भरला तर?" मला उत्तर सुचेना. अक्काचा अर्ज माझ्या हातून गेला होता, आणि तोच सापळा मी पुन्हा लावायला निघालो होतो. दोन दिवसांनी वाट सापडली. फायरफॉक्समध्ये एकाच संगणकावर निरनिराळी प्रोफाइल करता येतात आणि प्रत्येकाची सेटिंग वेगळी राहते. मित्रासाठी वेगळे प्रोफाइल केले, त्यात 0 लिहिला. इतरांसाठी 2 तसाच ठेवला. सरांनी परवानगी दिली, फक्त काम झाल्यावर ते प्रोफाइल बंद करण्याच्या अटीवर.

मित्र आता येतो, आपले प्रोफाइल उघडतो आणि करंगळीने मागे-मागे जात वाचत बसतो. माझ्या स्वतःच्या संगणकावर तो आकडा मी अजून 2 च ठेवला आहे.