पेशीच्या सीमेवरील कारभार

लंडन शहराच्या दक्षिणेस क्लॅपहॅम कॉमन नावाचे जे माळरान आहे, त्यावरील एका तळ्याच्या काठी, वाऱ्याने पाण्यावर लाटा उठत असलेल्या एका दिवशी, अमेरिकन वसाहतींचा लंडनमधील वकील बेंजामिन फ्रँक्लिन तेलाची कुपी घेऊन उभा राहिला. वारा ज्या काठाकडे वाहत होता तेथे त्याने प्रथम तेल ओतले, तेव्हा वाऱ्याने ते सारे परत काठाला आणून लावले. मग तो वाऱ्याच्या वरच्या अंगास गेला आणि तेथे त्याने चहाच्या चमच्याहून अधिक नसेल इतके तेल पाण्यावर सोडले, तो ते पसरत पसरत जाऊन तळ्याचा पाव हिस्सा, म्हणजे सुमारे अर्धा एकर पाणी, लाटांवाचून नितळ झाले. हा वृत्तांत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७७४ साली छापून आला. आता चमच्यात पाच घनसेंटीमीटर तेल धरावे, अर्धा एकर म्हणजे दोन हजार चौरस मीटर धरावे, आणि पहिल्या आकड्यास दुसऱ्याने भागावे. थराची जाडी निघते अडीच नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या चार लाख भागांपैकी एक. एरवी हिशेबाला पक्का असलेल्या या गृहस्थाने हा एवढा भागाकार मात्र केला नाही. त्याचे चित्त खवळलेल्या समुद्रावर तेल ओतून गलबतांना आधार देता येईल का या विवंचनेत गुंतले होते, आणि तेलाच्या थरावरून रेणूचे आकारमान मोजण्याचा मान शंभराहून अधिक वर्षे कोणाच्याच पदरी पडला नाही.

त्या जाडीची दुप्पट केली म्हणजे जो आकडा येतो, तोच आपल्या देहातील प्रत्येक पेशीच्या सीमेवरील मेदाच्या थराचा आकडा आहे. प्रद्रव्यपटल, किंवा नुसते पेशीपटल, या नावाने जे शाळेच्या पुस्तकात एका बारीक रेघेने दाखविलेले असते, त्याच्या आत जीवन आणि बाहेर निर्जीव सृष्टी अशी वाटणी झालेली आहे. आणि या रेघेविषयीची नवलाची गोष्ट ही, की ती प्रत्यक्ष दृष्टीस पडण्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ केवळ अनुमानाने आणि जमाखर्चाने तिचे स्वरूप बरेचसे निश्चित झालेले होते.

अनुमानाचा आरंभ झुरिचमध्ये झाला. अर्न्स्ट ओव्हर्टन या संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात वनस्पतींच्या मूलरोमांच्या पेशी शेकडो निरनिराळ्या द्रावणांत ठेवून कोणता पदार्थ आत शिरतो आणि कोणता बाहेर अडतो याची चिकाटीने नोंद केली, आणि त्या नोंदींतून एक साधा शिरस्ता उघड झाला: जो पदार्थ तेलात सहज विरघळतो तो आतही सहज जातो. यावरून त्याने निष्कर्ष काढला, की पेशीची सीमा लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांसारख्या मेदद्रव्यांची असली पाहिजे. तिकडे जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे, स्त्रियांना विद्यापीठाचे दरवाजे बंद असल्यामुळे घरीच राहिलेल्या आग्नेस पोकेल्स या तरुणीने एका उथळ पन्हळीत पाणी घालून, त्यावर तेल सोडून आणि एक पट्टी सरकवून तेलाचा थर आवळण्याची युक्ती काढली. तिचे पत्र लॉर्ड रॅले यांनी १८९१ साली ‘नेचर’मध्ये स्वतःच्या शिफारशीसह छापविले. पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगमूर याने हे उपकरण सुधारून घेतले आणि १९३२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पोकेल्सबाईंना मिळालेले मानसन्मान उतारवयातले होते, आणि तेही बेताचे.

या पन्हळीचा खरा उपयोग केला तो लायडेन येथील बालरोगतज्ज्ञ एव्हर्ट गॉर्टर आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी, १९२५ साली. तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, आत अन्य पटलांचा पसारा नसतो. म्हणजे तिच्यात जो काही मेद सापडेल तो सगळा सीमेवरचाच. या दोघांनी माणूस, कुत्रा, मेंढी, ससा इत्यादींच्या रक्तपेशी मोजून घेतल्या, त्यांतील मेद ॲसिटोनने काढला, तो पाण्यावर पसरून त्याचे क्षेत्रफळ मोजले आणि पेशींच्या एकंदर पृष्ठभागाशी ताडून पाहिले, तो प्रत्येक वेळी ते जवळजवळ दुप्पट भरले. तात्पर्य, मेदाचा थर एकावर एक असा दुहेरी आहे. निष्कर्ष बिनचूक होता; हिशेब मात्र दोन ठिकाणी चुकलेला होता, कारण ॲसिटोनने सगळा मेद निघत नाही, आणि पेशीचे क्षेत्रफळही त्यांनी वास्तवाहून कमी धरले होते. या दोन चुकांनी परस्परांना फेडून टाकले आणि उत्तर बरोबर आले. काही टीकाकार याला दैवयोग म्हणतात. मला वाटते, दैवाला अशी संधी देण्यासाठी लागणारा प्रश्न या दोघांनी अगदी नेमका विचारला होता.

थर दुहेरीच का, याचे उत्तर मेदात नसून पाण्यात आहे. लेसिथिनसारख्या रेणूचे एक टोक, ज्यात फॉस्फेट असते ते, पाण्याशी सख्य करणारे, आणि उरलेली दोन लांब शेपटे पाण्याला विटलेली; सभोवार आणि आतही पाणीच असल्यामुळे असे असंख्य रेणू आपली टोके दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि शेपटे एकमेकांकडे करून आपोआप रांगेने उभे राहतात. त्यांना जोडणारा बंध कोणताही नाही, पाणीच त्यांना एकत्र लोटते. सुईने टोचलेले पटल सुई काढताच मिटते, ते यामुळेच. मात्र पुरेशी उष्णता लागली की ही मांडणी ढासळते. कोशिंबिरीसाठी चिरलेले बीट नीट धुऊन थंड पाण्यात ठेवावे तर पाण्यास रंग फार थोडा लागतो, आणि तेच उकळत्या पाण्यात टाकताच पाणी लालभडक होते; रंग तोच, कोंडून धरणारी पटले तेवढी फाटली.

गॉर्टर आणि ग्रेंडेल यांच्या हिशेबानंतर पुष्कळ वर्षे एक चुकीची कल्पना प्रतिष्ठेने नांदली. डॅव्हसन आणि डॅनिएली यांनी १९३५ मध्ये मेदाच्या थरावर दोन्ही बाजूंनी प्रथिनांचे लेपन आहे असे मांडले, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रॉबर्टसन यांना दोन गडद आणि मधे एक फिकट अशा तीन रेघा दिसताच हे मत जणू सनद मिळाल्याप्रमाणे पक्के झाले. ते मोडण्याच्या कामी बाल्टिमोरमधील फ्राय आणि एडिडिन यांचा १९७० सालचा प्रयोग फार मोलाचा ठरला. त्यांनी विषाणूच्या साहाय्याने माणसाची आणि उंदराची पेशी एकजीव केली. एकीच्या प्रथिनांना तांबडा व दुसरीच्या प्रथिनांना हिरवा प्रकाशमान रंग लावून पाहिले, तो आरंभी अर्धी तांबडी, अर्धी हिरवी दिसणारी ती संयुक्त पेशी देहाच्या उष्णतामानात चाळीस मिनिटांत सर्वत्र मिश्र रंगाची झाली, आणि थंडीत ठेवली असता मात्र रंग जिथल्या तिथे राहिले. प्रथिने लेपासारखी चिकटलेली नाहीत, मेदात तरंगत फिरतात, हे यावरून दिसले. १९७२ मध्ये सिंगर आणि निकल्सन यांनी त्याला व्यवस्थित सिद्धान्ताचे रूप दिले. एकेक मेदरेणू शेजाऱ्याशी सेकंदात लक्षावधी वेळा जागा बदलतो, पण आतल्या थरातून बाहेरच्या थरात उलटणे त्याला क्वचितच साधते. जत्रेच्या गर्दीत माणूस वाटेल तितका आडवा सरकतो, पण कोलांटी मारू शकत नाही, तसे.

एवढ्या प्रवाही पदार्थाने सीमेचा बंदोबस्त कसा राखावा? तो राखतात प्रथिने. पेशीबाहेर सोडियमचे आयन विपुल आणि आत थोडे, पोटॅशियमचे नेमके उलट. हा तफावतीचा साठा कायम राखण्याचे काम ज्या पंपाकडे आहे, तो डेन्मार्कमधील येन्स स्को यांना १९५७ साली खेकड्यांच्या मज्जातंतूंत सापडला. तो प्रत्येक खेपेस तीन सोडियम बाहेर काढून दोन पोटॅशियम आत घेतो, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा तरी या एका कामी खर्ची पडतो. पोटॅशियमचा मार्ग याहून कुतूहलाचा. सोडियमचा आयन आकाराने लहान असूनही या मार्गातून अडतो आणि मोठा पोटॅशियम मात्र सुखरूप जातो, हे कोडे रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये मार्गाची रचनाच उलगडून सोडविले: पोटॅशियमभोवती पाण्याचे जे रेणू असतात, त्यांच्याइतक्याच अंतरावर मार्गाच्या भिंतीत ऑक्सिजनचे अणू बसविलेले आहेत, त्यामुळे पोटॅशियम पाणी सोडून तेथे समाधानाने टेकतो, सोडियमला ते अणू दूर पडतात, म्हणून तो पाणी सोडीत नाही आणि आतही जात नाही.

या सूक्ष्म कारभाराचे माणसाच्या जीवन-मरणाशी असलेले नाते भारताइतके उघडपणे क्वचितच कोठे दिसले असेल. पटकीने माणूस काही तासांत कोरडा पडून का मरतो, हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखविले: रोगाचे जंतू गाळून टाकले तरी मागे राहिलेला द्रव सशाच्या आतड्यात पाणी भरतो, म्हणजे कर्तृत्व विषाचे. हयातीत त्यांच्या वाट्याला आलेला मान त्यांच्या कामापुढे थिटाच होता. हे विष आतड्याच्या पेशीला मारीत नाही, तिच्या पटलावरील क्लोराइडचा मार्ग मात्र उघडा ठेवते. क्लोराइड बाहेर जाते, पाठोपाठ सोडियम आणि पाणी. आता रोग्याला नुसते मीठपाणी पाजले तर त्याचा निभाव लागत नाही, कारण सोडियम आत घेण्याचा नेहमीचा एक रस्ता मंदावलेला असतो. परंतु रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडले होते, की सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत नेणारे आणखी एक प्रथिन तेथे आहे. आणि या प्रथिनाला पटकीचे विष स्पर्श करीत नाही. साखर दिली की मीठ आत जाते, मीठ गेले की पाणी जाते.

१९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी उसळली, शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, आणि रुग्णालयाच्या जमिनीवर रोगी ओळीने पडलेले असताना डॉक्टर दिलीप महालनाबिस यांनी रोग्यांना तोंडानेच साखरमिठाचे पाणी पाजण्याचा निर्णय घेतला. लिटरभर पाण्यास बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, हे मिश्रण कलकत्त्यात पिशव्यांत भरून, गरम इस्त्रीने त्यांची तोंडे बंद करून छावणीत पाठविण्यात आले, आणि ते पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपविले गेले. तिथे आधी शेकडा तीस रोगी दगावत होते, ते प्रमाण साडेतीनच्या आसपास उतरले. आपल्याकडे आरोग्यसेविकांनी घरोघर नेलेली जलसंजीवनी ती याच जातीची. तिच्या प्रमाणात २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने फेरफार केला, ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमपर्यंत उतरविले आणि मीठही कमी केले; कारण ग्लुकोज जास्त झाले की सगळे आत जाऊ शकत नाही, उरलेले आतड्यातच राहून उलट शरीरातले पाणी ओढून घेते, आणि लहान मुलाच्या पाण्यात गोडवा वाढावा म्हणून मूठभर साखर जास्त घालणाऱ्या आईला सेविका जे रोखते, ते एवढ्यासाठीच.