पडद्याच्या इंचांचा हिशेब

पेढीवरची कीर्द आणि खतावणी कागदावरून संगणकावर आली, त्याला आता बराच काळ लोटला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तर पडद्यासमोर बसण्यावाचून व्यापाऱ्याला गत्यंतरच उरले नाही. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या भातगिरण्या असोत, की अहेरी, सिरोंचा येथील किराणा व कापडाची दुकाने, मुनीम आणि घरची मंडळी दिवसातले कित्येक तास आकडे वाचण्यात घालवतात. सीमेवरील या भागात एका बिलावर महाराष्ट्राचा २७, दुसऱ्यावर तेलंगणाचा ३६, तर तिसऱ्यावर छत्तीसगडचा २२ हा संकेतांक असतो. १ जानेवारी २०२२ पासून जीएसटीआर-२बी या विवरणात दिसणाऱ्या बिलांवरच खरेदीदाराला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळते. रकमेतील ३ चा ८ झाला, तर ग्राहकाचे क्रेडिट अडकते आणि वर्षानुवर्षांच्या व्यवहारात कटुता येते. म्हणून मॉनिटरची निवड ही चैनीची नव्हे, हिशेबाच्या शुद्धतेची बाब आहे.

खोक्यावर छापलेले इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते, रुंदीचे वा उंचीचे नव्हे. गल्लत येथेच होते. जुना १७ इंची, चौकोनी वळणाचा मॉनिटर सुमारे ३४ सेंटिमीटर रुंद आणि २७ सेंटिमीटर उंच असे. त्याच्या जागी साडेअठरा इंची रुंद पडद्याचा मॉनिटर आणला, तर रुंदी ४१ सेंटिमीटर मिळते, पण उंची २३ सेंटिमीटरवर येते. इंच वाढले आणि खतावणीच्या ओळी मात्र कमी झाल्या. जुन्या पडद्याएवढी उंची हवी असेल, तर किमान २२ इंची मॉनिटर लागतो. २४ इंची मॉनिटरची उंची सुमारे ३० सेंटिमीटर भरते आणि हिशेबाच्या कामाला तो सर्वांत सोयीचा ठरतो.

दुसरी तपासणी ठिपक्यांची. स्वस्त साडेअठरा इंची मॉनिटरवर बहुधा आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. फुल एचडी मॉनिटरवर हेच प्रमाण १९२० आणि १०८० असते. एक्सेलची एक ओळ साधारणतः २० ठिपक्यांची धरली, तर फुल एचडी पडद्यावर सुमारे १५ ओळी अधिक दिसतात. शिवाय खरेदीची नोंदवही आणि जीएसटीआर-२बी शेजारी शेजारी उघडून ताडून पाहता येतात. रुंद पडद्याचा खरा लाभ हाच आहे. २७ इंची मॉनिटर घ्यायचा आणि ठिपके मात्र फुल एचडीचेच असतील, तर अक्षर मोठे दिसते, परंतु किंचित भरड होते. त्या आकाराला २५६० आणि १४४० ठिपके शोभतात.

पडद्याच्या जातीत आयपीएस पॅनेल निवडावे. बाजूने पाहिले तरी त्याचा रंग फिकट पडत नाही. मालक आणि मुनीम एकाच वेळी पडदा पाहतात, तेव्हा हे महत्त्वाचे ठरते. चकचकीत पृष्ठभागापेक्षा निस्तेज, म्हणजे मॅट पृष्ठभाग बरा, कारण दुकानाच्या उघड्या दारातून येणारा उजेड त्यावर कमी चमकतो. १४४ किंवा १६५ हर्ट्झ हे आकडे खेळांसाठी आहेत. ताळेबंदाला ६० हर्ट्झ पुरेसे होतात. त्याऐवजी उंची कमीजास्त करता येणाऱ्या स्टँडवर पैसे खर्च करावेत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी. दुहेरी भिंगाचा चष्मा असणाऱ्यांसाठी आणखी खाली.

खरेदीपूर्वीची परीक्षा साधी आहे. आपलीच एक्सेल फाइल पेनड्राइव्हवर न्यावी, हातभर अंतरावर बसावे आणि घरातील ज्येष्ठ व्यक्तीला रकमा मोठ्याने वाचायला सांगाव्यात. ३ आणि ८, ५ आणि ६ यांत गोंधळ होतो का, मराठी नावांतील रफार व अनुस्वार ठळक उमटतात का, हे पाहावे. नंतर पूर्ण पांढरा व पूर्ण काळा पडदा करून मेलेले ठिपके शोधावेत. जुन्या संगणकाला केवळ व्हीजीए जोडणी असेल, तर नव्या मॉनिटरवर ती आहे याची खात्री करावी.

चंद्रपूरचा उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. बहुतेक मॉनिटर ४० अंश तापमानापर्यंतच्या वापरासाठी बनवलेले असतात आणि येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पश्चिमेच्या खिडकीजवळ मॉनिटर ठेवू नये, मागच्या झरोक्यांत कोळशाची धूळ वा भाताचा कोंडा साचू देऊ नये आणि चालू मॉनिटरवर आच्छादन घालू नये. विजेचा दाब खालीवर होतो, म्हणून मॉनिटरही यूपीएसवर असावा. २४ इंची मॉनिटर साधारण २० ते २५ वॅट एवढीच वीज घेतो.

हमी तीन वर्षांची असली, तरी ती घरपोच आहे का आणि आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे लेखी विचारावे. चंद्रपूरहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे. भामरागड, एटापल्लीच्या दुकानदाराला तर बिघडलेला मॉनिटर पोहोचवण्यात दिवस मोडतो. हजार रुपयांची बचत अशा एका फेरीत संपते.

बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक अवश्य घालून घ्यावा, म्हणजे कराचे क्रेडिट मिळते. संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. मात्र क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा घेता येत नाही. मालमत्ता वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर घसारा निम्माच मिळतो. दिवाळीच्या मुहूर्तावर घेतलेल्या मॉनिटरला पहिल्या वर्षी हाच नियम लागतो, म्हणून गरज असेल तर खरेदी उन्हाळ्यानंतर लगेच उरकावी.

जुना मॉनिटर भंगारात देऊ नये. जाड काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे आणि जुन्या एलसीडीच्या दिव्यांत पारा असतो. चालू स्थितीत असेल, तर तो एखाद्या शाळेला द्यावा. बंद पडला असेल, तर नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवून पावती घ्यावी आणि ती मालमत्तेच्या नोंदीला जोडून ठेवावी.