स्पोर्ट्स कारच्या इंजिनांचे स्थित्यंतर : नैसर्गिक हवेकडून टर्बोचार्जरकडे

प्रस्तावना :

स्पोर्ट्स कार म्हटली की सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर वेग उभा राहतो. जाणकारांच्या दृष्टीने मात्र वेगाइतकेच महत्त्व इंजिनच्या स्वभावाला असते. हा स्वभाव विशेषतः २०११ ते २०१६ या काळात झपाट्याने पालटला. नैसर्गिक रीतीने हवा घेणारी, अतिशय वेगाने फिरणारी इंजिने मागे पडली आणि टर्बोचार्जर बसविलेली लहान इंजिने पुढे आली. हा बदल केवळ तांत्रिक प्रगतीतून झाला काय, त्यात काय साधले आणि काय गमावले, याचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः इटलीच्या फेरारी कंपनीच्या दोन गाड्यांच्या आधारे केला आहे.

हवा आणि शक्ती यांचा संबंध :

१ किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणून इंजिनची शक्ती ही प्रत्यक्षात ते किती हवा आत घेऊ शकते यावर अवलंबून असते. साध्या इंजिनात पिस्टन खाली सरकतो, सिलिंडरमधील दाब कमी होतो आणि बाहेरील वातावरणाचा दाब हवा आत लोटतो. अशा इंजिनची शक्ती वाढविण्याचे दोनच ठळक मार्ग आहेत : सिलिंडरांचे घनफळ वाढविणे किंवा इंजिन अधिक वेगाने फिरविणे.

टर्बोचार्जर हा तिसरा मार्ग होय. इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर इंधनातील बरीच ऊर्जा वाया जाते. या वायूंच्या मार्गात एक लहान टर्बाइन बसविल्यास ते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. त्याच्याच दांड्यावरील दुसरे चाक ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते. १९६२ मध्ये अमेरिकेत आणि १९७३ मध्ये जर्मनीत टर्बोचार्जर असलेल्या मोटारी विक्रीस आल्या. पोर्शे कंपनीची '९११ टर्बो' १९७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. म्हणजेच तंत्र जुनेच होते. परंतु स्पोर्ट्स कारच्या जगात ते दीर्घकाळ अपवाद म्हणूनच राहिले.

एक उदाहरण : '४५८' आणि '४८८' :

२००९ मध्ये सादर झालेल्या 'फेरारी ४५८ इटालिया'चे आठ सिलिंडरांचे इंजिन ४,४९७ घन सेंटिमीटरचे होते. ५७० अश्वशक्ती ही त्याची कमाल शक्ती मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर मिळत असे, तर ५४० न्यूटन-मीटर हा कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनच्या दांड्याला मिळणारा पीळ, ६,००० फेऱ्यांवर मिळत असे. २०१५ मध्ये तिची जागा घेणाऱ्या '४८८ जीटीबी'च्या इंजिनचे घनफळ ३,९०२ घन सेंटिमीटरवर आले; मात्र दोन टर्बोचार्जरांमुळे शक्ती ८,००० फेऱ्यांवर ६७० अश्वशक्ती आणि टॉर्क अवघ्या ३,००० फेऱ्यांवर ७६० न्यूटन-मीटर झाला. घनफळ सुमारे १३ टक्क्यांनी घटूनही टॉर्क सुमारे ४१ टक्क्यांनी वाढला. दाबलेली हवा तापते आणि पेट्रोलचे मिश्रण अवेळी पेटण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून हवा थंड करणारा इंटरकूलर आवश्यक ठरतो आणि संपीडन गुणोत्तरही कमी ठेवावे लागते. '४५८'मध्ये ते १२.५ होते, '४८८'मध्ये ९.४ झाले.

परिवर्तनामागील कारणे :

हे परिवर्तन ग्राहकांच्या मागणीतून झाले असे म्हणता येत नाही. युरोपीय संघाने २००९ च्या नियमाद्वारे नव्या मोटारींच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाची सरासरी २०१५ पर्यंत दर किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणण्याचे लक्ष्य ठेवले. अल्प उत्पादन करणाऱ्या कंपन्यांना स्वतंत्र लक्ष्य मागण्याची मुभा होती; तथापि दिशा सर्वांसाठी एकच होती. चीनने सप्टेंबर २००८ पासून ४ लिटरहून मोठ्या इंजिनांच्या गाड्यांवरील उपभोग कर ४० टक्के केला, तर ३ ते ४ लिटरच्या गाड्यांवर तो २५ टक्के ठेवला. '४५८' या सीमारेषेच्या वर होती. '४८८' खाली आली.

तत्कालीन युरोपीय चाचणीचे स्वरूपही येथे लक्षात घेतले पाहिजे. ही चाचणी सुमारे २० मिनिटांची, ११ किलोमीटरची असून तिच्यातील कमाल वेग ताशी १२० किलोमीटर होता. अशा सौम्य चालीत मोठ्या इंजिनची बरीच ऊर्जा घर्षणात आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात खर्च होते; लहान इंजिनात हा अपव्यय कमी असतो. '४५८'चे नोंदलेले उत्सर्जन ३०७ ग्रॅम होते, '४८८'चे २६० ग्रॅम. परंतु चालकाने पूर्ण शक्ती वापरली, तर अधिक हवेसोबत अधिक इंधनही जळते. २०१७ पासून युरोपात अधिक कठोर चाचणी लागू झाली ती चाचणी आणि रस्ता यांतील अशा तफावतींमुळेच.

गमावलेल्या गोष्टी :

टर्बाइनला वेग घेण्यास क्षणभर अवधी लागतो. त्यामुळे चालकाचा पाय आणि गाडीचा प्रतिसाद यांतील थेट नाते सैल होते. शिवाय टर्बाइन वायूंच्या मार्गातच असल्याने इंजिनचा आवाज दबतो. २०११ च्या 'बीएमडब्ल्यू एम ५'मध्ये इंजिनचा ध्वनी गाडीतील ध्वनिवर्धकांतून ऐकविण्याची सोय करावी लागली, हे या संदर्भात बोलके उदाहरण होय.

'४८८'च्या रचनेत टर्बाइनची चाके टायटॅनियम-ॲल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूची करण्यात आली. याहून महत्त्वाचे म्हणजे पूर्ण ७६० न्यूटन-मीटर टॉर्क केवळ सातव्या गिअरमध्येच दिला गेला. खालच्या गिअरमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण तो मुद्दाम रोखून धरते, जेणेकरून फेऱ्या वाढत जातील तसतसा जोर चढत जावा. हाती असलेली ताकद आवरून नव्या इंजिनाला जुन्या इंजिनासारखे वागावयास शिकविण्यात आले.

सद्यःस्थिती आणि समारोप :

२०१५ मध्येच पोर्शेच्या मूळ '९११ कॅरेरा'लाही ३ लिटरचे टर्बो इंजिन मिळाले आणि एकेकाळचा अपवाद नियम झाला. '९११ जीटी ३' मात्र नैसर्गिक हवेवरच राहिली. २०२४ मध्ये लॅम्बोर्गिनीने 'हुराकान'च्या दहा सिलिंडरांच्या इंजिनाऐवजी 'तेमेरारिओ'मध्ये दोन टर्बोचार्जर आणि विद्युत मोटारी स्वीकारल्या. तरीही हे इंजिन मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत जाईल असे घडविले. टर्बोचा विलंब आता विद्युत मोटार भरून काढते.

सारांश, शक्ती, टॉर्क आणि चाचणीतील उत्सर्जन या मोजता येणाऱ्या सर्व कसोट्यांवर टर्बो इंजिन सरस ठरले. प्रतिसादातील सलगता आणि आवाज यांना कायद्याच्या तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून त्या आधी सुटल्या. आणि त्या परत मिळविण्यासाठीच अभियंत्यांना पुढे सर्वाधिक कष्ट घ्यावे लागले. कोणतेही तंत्र बदलताना आपण काय मोजतो याइतकेच काय मोजत नाही, याचेही भान ठेवावे लागते, हा या स्थित्यंतराचा बोध होय.