सवय, एकवीस दिवस आणि एक सुटलेला शब्द

व्यायाम, वाचन, ध्यान किंवा लवकर उठणे यांपैकी कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस केली की तिची सवय लागते, हे विधान नववर्षाच्या संकल्पांच्या हंगामात व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संदेशांतून इतक्या छातीठोकपणे केले जाते, की त्यामागे एखादा शास्त्रीय प्रयोग असणारच, असे ऐकणारा गृहीत धरतो. प्रत्यक्षात या आकड्याचा उगम एका शल्यविशारदाच्या निरीक्षणात आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात असे नोंदवले होते, की शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगोवांगीत ‘किमान’ हा शब्द गळाला, चेहराही गळाला, आणि उरलेला आकडा पहाटे पळायला जाण्यापासून जमाखर्च लिहिण्यापर्यंत सगळ्यांना सरसकट चिकटवला गेला.

सवय लागायला किती काळ लागतो, हे प्रत्यक्ष मोजण्याचा प्रयत्न फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात केला व तो २०१० मध्ये ‘युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी’त छापून आला. ९६ स्वयंसेवकांपैकी प्रत्येकाने खाणे, पिणे किंवा व्यायाम यांच्याशी संबंधित एक कृती निवडली, ती ८४ दिवस रोज एका ठरावीक प्रसंगाला जोडून करायची होती, आणि ती किती आपसूक होते, म्हणजे मुद्दाम ठरवावे न लागता किती सहज घडते, याची नोंद एका प्रश्नावलीत ठेवायची होती. आपसूकपणा सुरुवातीला झपाट्याने वाढतो, मग वाढीचा वेग मंदावतो आणि शेवटी आपसूकपणा एका पातळीवर स्थिरावतो, असे दिसले. या पातळीजवळ पोहोचण्याच्या कालावधीचा मध्यक, म्हणजे निम्म्या व्यक्तींना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त वेळ लागला तो आकडा, ६६ दिवसांचा होता. व्यक्तिगणिक मात्र हा कालावधी १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरला होता, आणि त्यातला २५४ हा आकडा तर आलेखाचा कल पुढे वाढवून काढलेला अंदाज होता. शिवाय ज्यांच्या नोंदी या आलेखाशी नीट जुळल्या, अशा व्यक्ती ३९च होत्या. तरीही आता ‘६६ दिवसांचे चॅलेंज’ विकले जाते, यावर काय बोलावे!

आकडा चुकीचा असण्यापेक्षा त्यातून निघणारी समजूत अधिक घातक आहे. बाविसाव्या दिवशीही अंथरूण सोडणे जिवावर येत असेल, तर मुदत चुकीची होती असे कोणी म्हणत नाही. आपल्यातच चिकाटी नाही, असा निष्कर्ष काढून माणूस प्रयत्न सोडून देतो. एक दिवस चुकला तर व्रतात खंड पडावा तसे सारे फुकट गेले, ही धास्तीही याच समजुतीच्या पोटातली आहे. लॅली यांच्या अभ्यासात एखादी संधी हुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेवर लक्षणीय परिणाम झाला नाही.

दिवस मोजण्याऐवजी लक्ष द्यायचे ते संकेताकडे, म्हणजे कृतीची आठवण करून देणाऱ्या स्थळाकडे, वेळेकडे किंवा आधीच्या कृतीकडे. ‘रक्तदाबाची गोळी रोज सकाळी घ्यायची’ हा नुसता संकल्प झाला. गोळ्यांची पट्टी चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवून ‘चहाचे आधण ठेवले की गोळी घ्यायची’ असे ठरवणे ही योजना झाली. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा ‘जर-तर’ योजनांचा दीर्घकाळ अभ्यास केला असून, नुसत्या इच्छेपेक्षा अशा योजनांनी कृती पार पडण्याची शक्यता बरीच वाढते, असे त्यांनी व पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेऊन दाखवले. संकेत हरवला की काय होते, हे वेंडी वूड यांच्या २००५ च्या अभ्यासात दिसते: विद्यापीठ बदललेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या व्यायामाच्या आणि वृत्तपत्र वाचण्याच्या सवयी नव्या जागी परिस्थिती जुन्यासारखी राहिली तेथे टिकल्या, आणि ती बदलली तेथे त्या कृती पुन्हा जाणीवपूर्वक ठरवण्यावर येऊन ठेपल्या. म्हणूनच बदलीनंतर नव्या गावी फिरायला जाणे सुटते, ते आळसामुळेच असे ठरवता येत नाही.

किरकोळ गैरसमजांची यादी लांब आहे. इच्छाशक्ती वापरली की इंधनासारखी संपते, हा एके काळी गाजलेला सिद्धान्त २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा तपासला, तेव्हा अपेक्षित परिणाम जवळजवळ शून्य निघाला. पहाटे पाचला उठणे हीच यशाची गुरुकिल्ली, असे सांगणारे रात्री किती वाजता झोपतात ते सांगत नाहीत, आणि प्रौढांना रोज किमान सात तास झोप हवी, ही निद्रावैद्यकाची शिफारस तर विसरूनच जातात. रोज दहा हजार पावले हवीतच, हा आकडाही १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजणाऱ्या उपकरणातून रूढ झाला. आय-मिन ली यांच्या २०१९ च्या अभ्यासात वयस्क स्त्रियांमध्ये रोजच्या सुमारे ४,४०० पावलांनाही मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि ७,५०० च्या आसपास ही घट थांबली.